स्कॉटलंडच्या खालच्या लीगमध्ये मिडफिल्डर व्हायचं असेल तर

दिवसा मी ग्लासगोच्या हॉस्पिटलात फिजिओ आहे आणि संध्याकाळी लीग टू, म्हणजे चौथ्या आणि तळाच्या श्रेणीतल्या एका क्लबची. मुलाला फुटबॉलमध्ये घालू का, असं ओळखीची मराठी मंडळी विचारतात. त्यांना मी सांगते, आधी दिवसाची नोकरी बघा, क्लब मागून.

इथे व्यावसायिक लीगमध्ये ४२ क्लब. सर्वात वरच्या प्रीमियरशिपमध्ये १२, खालच्या तीन श्रेणींत दहा-दहा. तळाच्या दोन श्रेणींतले बरेचसे खेळाडू पार्ट-टाइम. सराव बहुधा मंगळवार-गुरुवार संध्याकाळी, सामना शनिवारी दुपारी तीनला. म्हणजे ज्याला शनिवारी दुकान उघडावं लागतं त्याचं गणित बसत नाही. शिक्षकाचं बसतं, इलेक्ट्रिशियनचं बसतं. लीगचे ३६ सामने, प्रत्येक संघाशी चारदा गाठ. शिवाय एल्गिन आणि स्ट्रॅनरार ही क्लबांची गावं देशाच्या दोन टोकांना, मध्ये चारशेच्या वर किलोमीटर. भल्या सकाळी निघालेली बस वाटेतल्या पेट्रोलपंपांवरून एकेका खेळाडूला उचलत जाते.

आमचा एक मिडफिल्डर (मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा) बांधकामाच्या साइटवरून थेट सरावाला येतो. गुडघ्यांवर प्लास्टरची धूळ, हातात डब्यातला गार पास्ता. त्याचा घोटा मी पट्टीने बांधत असते तेव्हा तो दिवसभर शिडीवर होता हे पोटऱ्यांवरून कळतं. शिडीवर दिवस काढून रात्री कृत्रिम गवतावर धावणं म्हणजे जांघ आणि हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूंची) वाट. झोप आणि जेवण ज्याने सांभाळलं तोच पस्तिशीपर्यंत टिकतो.

मिडफिल्डरचं काम इथे टीव्हीवर दिसतं तसं नाही. आर्ब्रोथ क्लबचं गेफील्ड मैदान समुद्राला चिकटून आहे. तिथे वारा सुटला की सुबक पास विसरा. उंच आलेला चेंडू डोक्यांवर आपटून खाली पडतो, तो कोण उचलतो यावर सामना ठरतो. मॅनेजर बघतो ते हेच. याच आर्ब्रोथने २०२१-२२ मध्ये पार्ट-टाइम खेळाडू घेऊन चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, दुसरा क्रमांक काढला होता, तेव्हा पार्ट-टाइम म्हणजे हौशी असं समजू नका.

करार सहसा वर्षाचा. मे आला की ड्रेसिंगरूममध्ये जो तो फोनकडे बघत असतो. जानेवारीत मोठ्या क्लबचा एखादा पोरगा लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, येतो आणि तुमची जागा जाते. माझ्या मते यात खालच्या क्लबांचंही नुकसानच आहे, पण ऐकतो कोण. अँडी रॉबर्टसनचं उदाहरण सगळे देतात. २०१२-१३ मध्ये तो क्वीन्स पार्ककडून चौथ्या श्रेणीत बिनपगारी खेळत होता, पुढे लिव्हरपूलकडून खेळला आणि स्कॉटलंडचा कर्णधार झाला. खरं आहे, पण तो एकाच हंगामात वर गेला. आमच्याकडची बहुतेक मुलं दहा वर्षं याच श्रेणींमध्ये फिरतात, आणि मजेत असतात.

सुरुवात करायची तर जुलैचे मैत्रीपूर्ण सामने गाठा. संघाच्या यादीत तुमचं नाव नसेल, नुसतं 'ट्रायलिस्ट', म्हणजे चाचणीला आलेला खेळाडू, असं लिहिलेलं असेल. बूट दोन प्रकारचे न्या, गवताचे वेगळे आणि कृत्रिम मैदानाचे वेगळे. आणि भारतातून विद्यार्थी व्हिसावर आला असाल तर आधी अटी वाचा: त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळायला मनाई आहे. विद्यापीठाच्या संघात हौसेने खेळता येतं. क्लबशी बोलणी व्हिसा बदलल्यावर.