तोंड आलं म्हणून बी-कॉम्प्लेक्स? या चुका टाळा

मधुमेह, केमोथेरपी, एचआयव्ही, रोजचं स्टेरॉइड, यातलं काही मागे लागलेला माणूस ‘तोंड आलंय’ म्हणाला की घरात आधी बी-कॉम्प्लेक्स येतं. दातांच्या दवाखान्यात बसून हे बघताना मला आता चीड येते. जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या गाठींसारखा पांढरा थर असेल तर ती बहुधा कॅन्डिडा बुरशी असते. ती व्हिटॅमिनने मरत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी आले. दोन महिने बी-कॉम्प्लेक्स, त्यावर दिवसाला चार-पाच व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, शिवाय मधातलं चाटण. मी गॉजने थर पुसला तर तो निघून आला आणि खाली सगळं लालभडक. कवळी काढायला लावली, टाळूही तिच्याच आकाराचा लाल. रात्री झोपतानाही ती तोंडातच! साखर निघाली ३४०. गोळ्यांतली साखर, मध, कवळीखालची ओल, बुरशीला आणखी काय हवं? क्लोट्रिमॅझोल या बुरशीच्या औषधाचा माउथ पेंट (तोंडात आतून लावायचं औषध) दिला, रात्री कवळी बाहेर ठेवायला सांगितली, साखरेसाठी त्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. पाचव्या दिवशी थर गेला, गुरुजींनी औषध बंद केलं आणि पंधरवड्यात पुन्हा आले. तेव्हापासून मी १४ दिवसांच्या तारखाच पाकिटावर लिहून देते.

लोह, बी१२ किंवा फोलेट कमी असेल तर बुरशी पुन्हा पुन्हा होऊ शकते, हे खरं. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचं बी१२ घटतंही. म्हणून मी आधी रक्त तपासायला सांगते, गोळीचं नंतर बघते. ओठांचे कोपरे चिरले म्हणजे व्हिटॅमिनच कमी, असंही धरू नका. तिथेही बुरशी असू शकते.

दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंका, तोंडात राहिलेल्या स्टेरॉइडमुळेही ही बुरशी होते.

क्लोरहेक्सिडीनची (जंतुनाशक माउथवॉशची) चूळ आणि निस्टॅटिन हे बुरशीचं औषध लागोपाठ वापरू नका, दोन्ही निकामी होतात.

मेडिकलमधून परस्पर फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी घेणं मला मुळीच मान्य नाही. सोबत वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) असेल तर साखर एकदम उतरू शकते.

आणि घास गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. माउथ पेंट तिथे पोचत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.