प्रमाण राखायचं कसं: कागद, पडदा, मूर्ती आणि मोदक

गणेशोत्सवाच्या तयारीत मुंबईतल्या कुठल्याही मंडळात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘मागच्या वर्षी मखर ६ फुटांचं होतं, यंदा १२ फुटांचं आहे, त्या प्रमाणात सामान आणा.’ सामान दुप्पट येतं आणि अर्ध्यावर संपतं. म्हणून कोणी ‘त्या प्रमाणात’ म्हटलं की आधी विचारा, कशाच्या? लांबीच्या, क्षेत्रफळाच्या की वजनाच्या? या प्रश्नाचं उत्तर ठरल्याशिवाय हिशेबाला बसू नका.

हिशेबाची रीत जुनी आणि सोपी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास त्रैराशिक सांगितलं. त्यात तीन राशी असतात: प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. ५ मीटर कापड ४०० रुपयांना, तर ८ मीटर कितीला? ४०० × ८ ÷ ५ = ६४० रुपये. इथे प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात. एक मीटरमध्ये आणि दुसरी फुटांत ठेवली की उत्तर चुकतं, आणि कापडाच्या दुकानात नेमकं हेच होतं, कारण मंडपाचं माप फुटांत असतं आणि कापड मीटरवर मिळतं. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, आधी सगळं एका मापात आणा.

आता चित्र मोठं करायचं काम घेऊ. समजा मूर्तीमागे १२ फूट रुंद आणि ८ फूट उंच पडदा रंगवायचा आहे आणि कच्चं चित्र ए-फोर कागदावर काढायचं आहे. पहिली चूक इथेच होते. ए-फोर कागद आडवा धरला तर २९७ × २१० मिलिमीटर, म्हणजे रुंदी उंचीच्या १.४१ पट. पडद्याची रुंदी उंचीच्या १.५ पट. कागदभर काढलेलं चित्र या पडद्यावर जसंच्या तसं बसणार नाही. एक तर कडेला जागा उरेल, नाही तर आकृती ताणावी लागेल आणि चेहरा रुंद दिसेल. म्हणून चित्राआधी कागदावर २७ × १८ सेंटिमीटरची चौकट आखा. २७:१८ आणि १२:८ हे एकच गुणोत्तर आहे, ३:२.

त्या चौकटीत ३ सेंटिमीटरचे चौकोन पाडा. आडवे ९, उभे ६, एकूण ५४. पडद्यावरही तेवढेच चौकोन हवेत. १२ फूट म्हणजे १४४ इंच, भागिले ९, १६ इंच. ८ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले ६, पुन्हा १६ इंच. दोन्हीकडून एकच आकडा आला म्हणजे चौकट बरोबर आहे. वेगळे आकडे आले तर तिथेच थांबा.

पडदा आधी ताणून फ्रेमवर ठोका, मगच आखा. सैल कापडावर आखलेले चौकोन ताणल्यावर तिरके होतात. कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून भागत नाही, कारण एवढ्या लांबीवर गुण्याची बारीक चूक दुसऱ्या टोकाला बोटभर होते. कोपऱ्यापासून एका बाजूला ६ फूट आणि दुसऱ्या बाजूला ८ फूट मोजून खुणा करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आणि सुमारे १४ फूट ५ इंच आले पाहिजेत. मग रेषा सूत मारून (रंग लावलेला दोरा ताणून आणि झटकून) घ्या आणि चौकोनांना कागदावर आणि पडद्यावर एकाच पद्धतीने क्रमांक द्या. चित्र उतरवताना ‘नाक’ किंवा ‘सोंड’ असं मनात न आणता, रेषा या चौकोनाच्या कडेला कुठे छेदते तेवढंच पाहा: निम्म्यावर की पाव भागावर. ओळखीची गोष्ट हात आपल्या सवयीने काढतो आणि प्रमाण तिथेच सुटतं.

३ सेंटिमीटरचे १६ इंच झाले, म्हणजे चित्र साधारण साडेतेरा पट वाढलं. कागदावर १ मिलिमीटर इकडेतिकडे झालेला डोळा पडद्यावर जवळजवळ १४ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे कागदावरचे डोळे, बोटं आणि दागिने पक्के झाल्याशिवाय पडद्याला हात लावू नये.

रंग मात्र साडेतेरा पटीने वाढत नाही, तो क्षेत्रफळाने वाढतो. त्याच कापडावर १ चौरस फुटाचा तुकडा रंगाचे दोन थर देऊन बघा, किती मिलिलीटर लागले ते मोजा आणि ९६ ने गुणा. फ्लेक्सचंही तसंच: छपाईचा दर चौरस फुटावर असतो, म्हणून ४ × ६ ऐवजी ८ × १२ चा बॅनर केला की २४ चे ९६ चौरस फूट होतात आणि बिल चौपट येतं. झेरॉक्सवाल्याकडे ए-फोरचं ए-थ्री करायचं असेल तर १४१ टक्के सांगा. कागद दुप्पट होतो, बाजू नव्हे. २०० टक्के सांगितलं तर दोन्ही बाजू दुप्पट होतात आणि चित्राला ए-टू कागद लागतो.

मूर्तीच्या बाबतीत याहून मोठी उडी असते. १ फुटाचा शाडूचा भरीव नमुना ५ किलोचा भरला आणि तीच मूर्ती तशीच भरीव ४ फुटांची केली, तर वजन ४ × ४ × ४ म्हणजे ६४ पट, ३२० किलो. पण तिच्या बैठकीचं क्षेत्रफळ १६ पटच वाढतं, म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस इंचावर चौपट भार येतो. शिवाय माती जाड असल्याने आतली ओल उशिरा निघते, बाहेरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो. म्हणूनच मोठ्या मूर्ती आतून पोकळ आणि आधाराच्या सांगाड्यावर करतात. जाडी तीच ठेवली तर कवचाचं वजन १ फुटाच्या तशाच पोकळ नमुन्याच्या १६ पटीवर थांबतं. लहान नमुना उभा राहिला म्हणून मोठी मूर्तीही त्याच बांधणीवर उभी राहील हे गृहीत धरू नका.

शाडू वाळताना किती आकसते हे मातीवर आणि पाण्यावर अवलंबून असतं, म्हणून आपल्याच मातीची पट्टी करा. ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा आणि पूर्ण वाळल्यावर मोजा. ९.४ आले, तर १५ इंचांच्या मूर्तीसाठी ओली मूर्ती १५ × १० ÷ ९.४, म्हणजे जवळजवळ १६ इंच हवी.

अवयवांच्या मापासाठी मूर्तिशास्त्रात तालमान आहे. एक ताल म्हणजे मुखाची लांबी, आणि त्याची १२ अंगुलं. नवताल मूर्ती १०८ अंगुलांची. गणपतीसाठी परंपरेने पंचताल सांगितलं आहे. मुकुट या मापात धरत नाहीत. ५ फुटांच्या उभ्या मूर्तीत पंचतालाने मुख १ फुटाचं येतं, नवतालाने जेमतेम पावणेसात इंचांचं. गणपतीचं ठेंगणं, गुटगुटीत रूप या मोठ्या मुखातून येतं. माणसाच्या प्रमाणात काढलेला गणपती म्हणूनच परका वाटतो. प्रत्येक सुंदर गोष्टीत १.६१८ चं सुवर्ण गुणोत्तर शोधण्यापेक्षा ही मापं शिकणं आमच्या मते जास्त उपयोगाचं आहे.

उंच मूर्तीत मात्र मोजून बरोबर केलेलं प्रमाण डोळ्याला चुकीचं दिसतं. ३ फुटांच्या चौथऱ्यावर १२ फुटांची मूर्ती आहे आणि बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून ५ फुटांवर आहेत असं धरा. तो १० फुटांवर उभा असेल तर मूर्तीचा सर्वांत वरचा एक फूट त्याला तळाच्या एका फुटाच्या जेमतेम निम्मा दिसतो. तोच ३० फुटांवर गेला तर साधारण नऊ दशांश. इटलीतल्या मायकेलॲंजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा मुळात फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या (मोठ्या चर्चच्या) छताजवळ बसवायचा होता. त्याचं डोकं आणि हात थोराड का आहेत, याचं एक कारण हेच सांगतात.

लालबाग-परळच्या आणि गिरगावच्या गल्ल्यांत दर्शनाची रांग मूर्तीच्या अगदी जवळून जाते. तेव्हा मूर्तिकाराला उंची सांगताना भाविक किती फुटांवर उभे राहतील आणि चौथरा किती उंच असेल, हेही सांगा. रांग जवळून जाणार असेल तर मुख आणि मुकुट थोडे मोठे आणि किंचित पुढे झुकलेले हवेत. किती, ते कार्यशाळेत लहान नमुना बघताना डोळ्यांची उंची आणि अंतरही त्याच पटीत कमी करून ठरवा: १२ फुटांची मूर्ती १० फुटांवरून दिसणार असेल, तर १ फुटाचा नमुना १० इंचांवरून बघायचा, आणि डोळा नमुन्याच्या तळापासून २ इंच वर धरायचा.

माणसं वाढली की वेळ कमी होतो, हे व्यस्त प्रमाण. ४ जण ६ तासांत पडदा रंगवतात तर ८ जण ३ तासांत, पण परांचीवर जागा असेपर्यंतच. १२ फुटांच्या परांचीवर सुटे हात चालवायला तीन-चार जणांनाच जागा मिळते; बाकीच्यांना मुकुटाचं किंवा कमानीचं वेगळं काम द्या.

प्रसादात साहित्य सरळ प्रमाणात वाढतं, पाणी नाही. १ वाटी तांदळाच्या पिठीला १ वाटी पाणी आणि सारणाला २ वाट्या ओल्या खोबऱ्याला १ वाटी गूळ धरतात. मोठ्या पातेल्यात वाफ होऊन जाणारं पाणी त्या मानाने कमी असतं, म्हणून १० वाट्या पिठीला सुरुवातीला ९ वाट्याच पाणी घ्या आणि दहावी वाटी उकळती बाजूला ठेवा. उकड कोरडी वाटली तरच घाला. पाणी एकत्र उकळलं तरी एका वेळी ३-४ वाट्यांहून जास्त पिठीची उकड काढू नका, मधे गुठळ्या राहतात. मोदक वाफवायला १० ते १२ मिनिटं लागतात ती मोदकाच्या आकारामुळे. चाळणीत २१ ठेवले काय नि ११ ठेवले काय, एकाच थरात आणि सुटे असतील तर वेळ तोच. मोदक मोठे वळलेत तर मात्र वेळ वाढवा, कारण वाफेची ऊब मधल्या सारणापर्यंत पोचायला अंतर वाढलेलं असतं.