हिवाळी वेतातील करडांना मिल्क रिप्लेसर पाजताना

उस्मानाबादी शेळीला जुळी करडे सर्रास होतात, कधी तिळीही होतात. अशा वेळी आईचे दूध पुरत नाही किंवा कासदाहाने एखादा सड आटलेला असतो, आणि मागे पडलेले करडू थंडीत लवकर गारठते. अशी करडे मिल्क रिप्लेसरवर, म्हणजे आईच्या दुधाऐवजी पाण्यात कालवून पाजायच्या भुकटीवर, चांगली वाढवता येतात. मात्र पिशवीवर प्रथिनांचे प्रमाण किती लिहिले आहे यापेक्षा ती प्रथिने कशापासून घेतली आहेत, हे आधी वाचावे.

चिकाला पर्याय नाही. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजण्यास सुरुवात करून 2 किलोच्या करडाला पहिल्या 24 तासांत किमान 200 मिलिलिटर चीक मिळेल असे पाहावे. आईला चीक नसेल, तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीचा द्यावा.

लहान करडाचे कोटीपोट, म्हणजे पोटाचा चारा पचवणारा पहिला कप्पा, अजून काम करत नसते. मान वर करून बाटलीचे बोंडले चोखताना अन्ननलिकेच्या शेवटची पन्हळ मिटते आणि दूध थेट पोटाच्या चौथ्या कप्प्यात उतरते. तेथे दुधातील केसिन या प्रथिनाचे दही होऊन ते सावकाश पचते. सोयाबीन किंवा गव्हाच्या प्रथिनांचे असे दही होत नाही आणि पहिले तीन आठवडे ती पचवणारे पाचकरसही पुरेसे नसतात. म्हणून या वयासाठी घटकांच्या यादीत स्निग्धांशरहित दूध भुकटी किंवा निवळीची (व्हेची) भुकटी सर्वांत आधी असलेलेच रिप्लेसर निवडावे. करडू अंगाने भरावे म्हणून दुधात साखर, गूळ किंवा तांदळाची पेज मिसळणे तर कटाक्षाने टाळावे, कारण दुधातील साखर करडाला उत्तम पचत असली तरी उसाची साखर पचवणारा पाचकरस त्याच्याकडे नसतो, पिष्टही फारसे पचत नाही, आणि न पचलेला भाग आतड्यात आंबून हगवण लागते.

आईच्या दुधावरून रिप्लेसरवर आणताना तीन-चार दिवस दोन्ही मिसळून द्यावे व रिप्लेसरचा वाटा रोज वाढवत न्यावा. भुकटीचे प्रमाण पिशवीवरील सूचनेप्रमाणे वजन करूनच घ्यावे. अंदाजाने टाकलेली मूठ कधी दाट, कधी पातळ दूध बनवते, आणि हा रोजचा बदल करडाच्या पोटाला सोसत नाही. पाजताना दूध 38 ते 40 अंश सेल्सिअस असावे. वजनाच्या साधारण 15 टक्के, म्हणजे अडीच किलोच्या करडाला दिवसाला सुमारे 375 मिलिलिटर दूध, सुरुवातीला चार वेळा विभागून पाजावे. जबडा उघडून दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसदाह होतो. बाटली व बोंडले प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावे.

शेपटीखालचे केस चिकट व ओले दिसले, तर त्याच दिवशी दुधाचे प्रमाण व तापमान तपासावे, दोन पाजण्यांच्या मधल्या वेळेत क्षार-साखरेचे द्रावण द्यावे आणि करडू मलूल झाल्यास पशुवैद्यकास बोलवावे. येथील साखर औषधी द्रावणातील ग्लुकोज आहे, घरची साखर नव्हे.

दुसऱ्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी, थोडा कोवळा चारा व करडांचा खुराक समोर ठेवावा. वजन 9 ते 10 किलो झाल्यावर आणि करडू खुराक नियमित खाऊ लागल्यावरच दूध टप्प्याटप्प्याने तोडावे.