मोटर हूं करते पण उचलत नाही? आधी कंडेन्सर पाहा

विहिरीवरची सिंगल फेजची मोटर नुसती हूं हूं करून राहिली अन् पाणी येऊन नाही राहिलं, तर वाइंडिंग जळालं म्हणून लगेच मोटर उपसू नका भाऊ. आधी पेटी उघडा. आत दोन कंडेन्सर असतात, म्हणजे वीज साठवून धरणारे डबे, काळा गोल स्टार्टचा, त्यावर 100-120 एमएफडी (मायक्रोफॅरड, किती वीज मावते त्याचं माप) असं लिहिलेलं, आणि दुसरा रनचा, 36 नाहीतर 50 वाला.

पण थांबा, हात नका घालू. मी घातला होता. लाईन गेलेली, मेन पाडलेला, तरी बोट टर्मिनलला लागलं अन् असा झटका बसला की पाना थेट विहिरीत.

काहून? आत धातूच्या दोन पट्ट्या अन् मधात वीज अडवणारा पातळ थर. एका पट्टीवर इलेक्ट्रॉन साचतात, दुसरीवरचे निघून जातात, मधातून कोणी ओलांडत नाही, म्हणून ओढ तशीच ताणून राहते, गलोलीच्या रबरासारखी. वाट मिळाली की सटकन सुटते. रनवाला सेकंदाला शंभरदा भरतो-रिकामा होतो, त्यानं दुसऱ्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकतो अन् मोटरला फिरायचा रेटा मिळतो, नाहीतर ती जागीच थरथरते, तोच तो हूं. स्टार्टवाला मात्र बटण दाबलं तोवरच लाईनमध्ये, बोट काढलं की तुटतो, अन् त्या घडीला जे भरलं ते आतच राहतं. 230 ची लाईन टोकाला 325 व्होल्टपर्यंत जाते, तेवढ्यावर 120 एमएफडी म्हणजे सहा जूल, एक किलोचं वजन दोन फुटांवरून पडावं तेवढं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

म्हणून मेन पाडा, फ्यूजही काढून खिशात ठेवा, रात्रीची लाईन कधी येईल भरवसा नाही. जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब होल्डरमध्ये लावून त्याच्या दोन वायरी टर्मिनलला दोन-तीन सेकंद टेकवा, वायर पकडायची ती रबरावरच. एलईडी चालत नाही. पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडणारे खूप आहेत, तसं करू नका, टर्मिनल वितळते अन् डोळ्यात उडते. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावून शून्य आहे ना ते पाहा, वायरींचा फोटो काढा, वायरी सोडवा अन् एमएफडी मोजा. 50 चा 40 दाखवला किंवा डबा फुगला असंल तर बदला. नवा तेवढ्याच एमएफडीचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, कमी नको.

अन् बटण दोन-तीन सेकंदांच्या वर दाबून धरू नका, स्टार्टवाला तेवढ्यापुरताच बनवलेला असतो, तापला की फुटतो.