थंडीत गाडी अंगणात उभी असते का? मग सकाळचं फडकं आधी बंद करा

आमच्या लातूरकडं बर्फ नाही न काही नाही, तरी दिवाळी ते होळी या काळात बाहेर उभ्या गाडीचा रंग जेवढा खराब होतो तेवढा पावसाळ्यात पण होत नाही. दिवसभर धूळ बसते, रात्री दव पडून ती चिकटते, आणि गाळप चालू झालं की कारखान्याच्या चिमणीची काजळी वरून बोनस. सकाळी छतावर काळे कण दिसतात ना, ती चिपाडाची राख.

मग आपण काय करतो, तर उठल्या उठल्या फडकं घेऊन रगडतो, अख्खी गल्ली हेच करायलीय. रंगाच्या वरचा क्लिअर कोट (रंग जपणारा पारदर्शक थर) साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ, त्यावर तुम्ही रोज मुरमाची धूळ घासायलात. काळी गाडी उन्हात धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील.

त्यापेक्षा रोज पुसूच नका, आठवड्यातून एकदा नीट धुवा. आधी नुसतं पाणी मारून धूळ वाहू द्या, मग कार शाम्पू (भांड्याचा साबण नको, वॅक्स म्हणजे रंगावर लावलेला मेणाचा थर निघून जातो), दोन बादल्या, एकीत शाम्पू अन् दुसरीत कापड खळबळायला, आणि वरून खाली यायचं. मायक्रोफायबरचं मऊ कापड खाली पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद.

बोअरच्या पाण्याचं मात्र लई जपा. उन्हात वाळलं की पांढरे गोल डाग राहतात, म्हणून सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा असं सांगणारे भेटतात, पण त्यात क्षार उलट जास्त असतात, ते फरशीला ठीकंय.

वॅक्स दिवाळीच्या सुट्टीतच करून टाका, सावलीत, पातळ हात. कार्नोबा (झाडापासून मिळणारं मेण) वॅक्स उघड्यावर महिना-दोन महिने टिकतं, सीलंट म्हणजे कृत्रिम लेप त्याहून जास्त. पाण्याचे मणी व्हायचे थांबले अन् पाणी पसरायला लागलं की परत लावायची वेळ आली.

पिंपळाखाली सावली चांगली मिळते, पण फळं खायला पाखरं येतात अन् विष्ठा थेट बॉनेटवर. दुपारच्या उन्हात ती रंगात उतरते. नखानं खरवडू नका, ओलं कापड दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या.

आता कव्हर, इथं सगळे फसतात, मी पण. पहिल्या हिवाळ्यात स्वस्तातलं प्लॅस्टिकचं घेतलं, धुळीच्या गाडीवर टाकलं, वारं सुटलं की ते रात्रभर फडफडायचं म्हणजे पॉलिश पेपरच, शिवाय आत ओल कोंडून राहायची. आतून मऊ कापड असलेलं, हवा खेळणारं घ्या, पोटाखालून पट्टा बांधा, स्वच्छ कोरड्या गाडीवरच टाका, आणि सकाळी दवानं भिजलं असेल तर काढून दोरीवर वाळत घाला. आतली बाजू कोणती ते मार्करनं लिहून ठेवा, नाहीतर रात्री घाईत धुळीची बाजू खाली जाते, आमच्या घरी दोनदा झालंय.