कुत्री झोपेत शू करते? ओरडायच्या आधी हे बघा

आमची राणी, नऊ वर्षांची लॅब, एक दिवस सकाळी उठली तर गादीवर ताटाएवढा ओला डाग आणि ती स्वतःच तो हुंगत उभी, जणू दुसरंच कोणीतरी करून गेलंय. आम्ही काय केलं तर ओरडलो. नंतर कळलं की ते हुंगणं हीच सगळ्यात महत्त्वाची खूण होती, तिला पत्ताच नव्हता.

म्हणून पहिलं काम, शू होताना कुत्र्याला कळतंय का ते बघायचं. झोपेत गळते, उठल्यावर मागचे पाय ओले, सारखं तिथेच चाटत बसणं, म्हणजे नकळत होतंय. पण जागेपणी दर थोड्या वेळाने बाहेर न्या म्हणून मागे लागते, बसते, जोर लावते आणि चार थेंबच येतात, किंवा रक्त दिसतं, तर ते बहुतेक इन्फेक्शन नाहीतर खडा. पाय वर करून कोपऱ्यात मारतो ते मार्किंग, म्हणजे आपली हद्द दाखवणं, आणि पिल्लू तुम्ही आलात की आनंदाने किंवा घाबरून तिथेच सोडतं तो तर वेगळाच विषय. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, व्हेटसमोर कुत्रं कधीच ते करून दाखवत नाही.

दुसरं, पाणी मोजा. सकाळी मापून भरायचं, दिवसभरात जेवढं घालाल ते लिहायचं, २४ तासांनी उरलेलं वजा करायचं. किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल, म्हणजे २० किलोचं कुत्रं दिवसाला २ लिटरपेक्षा जास्त पीत असेल, तर गडबड आहे. डायबिटीस, किडनी, कुशिंग (कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार), नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या मादीत गर्भाशयात पू होणं, यात लघवीच एवढी बनते की बिचारं धरून धरून किती धरणार. स्टेरॉइड चालू असेल तरी असंच होतं, ते व्हेटला आठवणीने सांगा. आणि प्लीज, डाग पडतात म्हणून पाणी बंद करू नका, किडनी बिघडलेली असेल तर ते फार महागात पडेल.

सँपल न्यायचं असेल तर सकाळची पहिली शू, स्वच्छ पळी लांब काठीला बांधून मागून हळूच सरकवायची (शेजारी बघतील, बघू दे), दोनेक तासात पोचवायची, नाहीतर तोवर फ्रिजमध्ये. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट) करायचं असेल तर मात्र डॉक्टर बहुतेक सुईने थेट ब्लॅडरमधूनच घेतात.

राणीचं निघालं ते सगळ्यात कॉमन, स्पे केलेल्या (नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या) माद्यांमध्ये, त्यातही मोठ्या जातीच्या, ब्लॅडरच्या तोंडाचा स्नायू ढिला पडतो. ऑपरेशननंतर इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन कमी होतं, त्याचा यात हात असतो, आणि हे लगेच नाही, काही वर्षांनीही सुरू होऊ शकतं. आडवं झोपलं की गळतं. वजन जास्त असेल तर अजून वाढतं, म्हणून आमच्याकडे आधी खाऊ कमी झाला. अगदी लहानपणापासून सतत थेंब थेंब गळत असेल तर किडनीकडून येणारी नळी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असू शकते, त्याला गोळी नाही, ऑपरेशनच लागतं. मागचे पाय लटपटतायत आणि गळतंय, तर मणक्याकडे बघायला हवं.

गोळ्यांमध्ये तो स्नायू घट्ट करणारं फेनिलप्रोपॅनोलामाइन देतात, नाहीतर माद्यांना एस्ट्रिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. बऱ्याच जणींना छान फरक पडतो, पण फेनिलप्रोपॅनोलामाइन बीपी वाढवू शकतं, त्यामुळे हार्टचा त्रास असेल तर आधी सांगायचं आणि मधूनमधून बीपी तपासायचं. माणसांचं औषध घरात पडलंय म्हणून देऊ नका.

घरी झोपायच्या आधी एक फेरी, गादीवर धुता येणारं कव्हर, ओली जागा पुसून कोरडी करणं. डायपर चालतो, पण तासन्‌तास तोच ठेवला की आतली कातडी लाल होते, राणीला झालं होतं.

आणि नर असो वा मादी, जोर लावूनही लघवी येतच नसेल तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच रात्री न्यायचं.