गर्भपिशवी काढायला सांगितलीय? आधी फाईल घेऊन घरी या

फोन बहुतेक दुपारी येतो आणि सुरुवात ठरलेली असते. "सिस्टर, डॉक्टर म्हणले पिशवी काढावी लागंल. उद्याच भरती व्हा म्हणले." बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली निम्मी ऑपरेशन थिएटरात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी भावकीतल्या, गल्लीतल्या, कुणाच्या तरी नणंदेच्या ओळखीतल्या बाया फाईल घेऊन ओट्यावर येऊन बसतात. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन करा किंवा करू नका, हे मी कुणालाच सांगत नाही. भरती होण्याआधी काय बघायचं आणि काय विचारायचं, एवढं मात्र सांगते.

पहिल्यांदा हे बघा की घाई खरंच आहे का. तासाभरात एक पॅड चिंब होतोय आणि असं दोन-तीन तास चाललंय, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, किंवा दिवस गेल्याची शंका असताना पोटात कळ येऊन अंगावरून जातंय, तर हे वाचत बसू नका, मिळेल त्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात जा. तसं नसेल तर आठ दिवसांनी बहुधा काही बिघडत नाही. कॅन्सरची शंका लिहून दिली असेल तेव्हासुद्धा आधी तुकडा तपासतात, मग ऑपरेशन ठरतं.

आता रिपोर्ट. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला बीडकडची एक बाई आली होती. वय चौतीस, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी, तेविसाव्या वर्षी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. तक्रार काय, तर पांढरं जातं आणि ओटीपोटात दुखतं. तिला सांगितलं होतं की पिशवीला सूज आहे, तिच्या तोंडाला फोड आलेत, गाठ आहे, पुढं कॅन्सर होईल. मुकादमाची उचल घेतलेली, पंधरा दिवसांत गाडी निघणार. तिकडं खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून ती म्हणाली, "एकदाची काढूनच टाकते."

आम्ही दोघींनी सोनोग्राफीचा कागद ओळीओळीनं वाचला. 'बल्की युटेरस' म्हणजे पिशवी जरा मोठी दिसते. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची ती मोठी असणारच. 'नाबोथियन सिस्ट' हेच ते फोड. पिशवीच्या तोंडाशी चिकट पाणी साठून झालेले बारीक फुगे, पुष्कळ बायांना असतात आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. 'एंडोमेट्रियल थिकनेस 11 एमएम' ही पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी. कागदावरची तारीख आणि तिच्या पाळीची तारीख मोजली तर विसावा दिवस निघाला. पाळीच्या उत्तरार्धात अस्तर एवढं जाड होतंच, पाळी आली की गळून जातं. हाच आकडा पाळी बंद झालेल्या बाईच्या रिपोर्टवर असता तर मी तिला उठवून तपासणीला पाठवलं असतं, कारण तिथं 4 एमएमच्या वर गेलं आणि त्यात रक्त दिसलं तर तुकडा तपासावा लागतो. शेवटी गाठ: 1.8 सेंटिमीटर, पिशवीच्या भिंतीत. बोराएवढी.

गाठीचं मी नेहमी सांगते, नुसतं 'गाठ आहे' ऐकून येऊ नका. किती सेंटिमीटरची, आणि कुठं? भिंतीत किंवा बाहेरच्या अंगाला असलेली छोटी गाठ वर्षानुवर्षं गप्प राहते, पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ मात्र लहान असली तरी धो-धो रक्त घालवते. ती पुष्कळदा दुर्बिणीनं खालूनच काढता येते, पिशवी जागेवर राहते.

त्या बाईला जंतुसंसर्ग होता. सरकारी दवाखान्यात आतून तपासणी झाली, गोळ्यांचा कोर्स दिला, नवऱ्यालाही दिला. नवऱ्यानं गोळ्या घेतल्याच नाहीत, तर बाईचं दुखणं फिरून येतं, ही माझ्या अख्ख्या नोकरीतली डोकेदुखी. हिमोग्लोबिन 8.4 निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं झालं तर घाबरू नका.

अंगावरून जास्त जाण्याची तक्रार असेल तर ऑपरेशनच्या आधी या तपासण्या झाल्यात का ते फाईलमध्ये शोधा. हिमोग्लोबिन. थायरॉइडची टीएसएच, कारण थायरॉइड मंदावलं तरी पाळी बिघडते. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, नसबंदी झालेली असली तरीही. पिशवीच्या तोंडाची तपासणी: पॅप (तोंडावरच्या पेशी घेऊन तपासतात), नाहीतर व्हीआयए. व्हीआयएत तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का बघतात. तिशीनंतरच्या बायांसाठी ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर अस्तराचा तुकडाही तपासायला हवा. यातलं काहीच नसेल तर विचारा, "डॉक्टर, आजाराचं नाव काय? कागदावर लिहून द्याल का?" तावातावानं नको, साधं विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावलाच, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला तेवढं कारण पुरे.

मग औषधं. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त बरंच कमी होतं (पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मग ही गोळी चालत नाही). हार्मोनच्या गोळ्या आहेत. आणि पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे, मिरेना वगैरे. नेहमीची तांब्याची कॉपर-टी वेगळी, तिनं उलट रक्त वाढू शकतं. या दोन्हींत गल्लत करून घाबरणाऱ्या बाया मी रोज बघते.

मी स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी ती हार्मोनची बसवली होती. ड्यूटीवर पांढऱ्या साडीला डाग पडायचे, साडीच्या आत जाड परकर घालून राउंड घ्यायचे. मलाही एका ठिकाणी पिशवीच काढा म्हणाले होते. बसवल्यावर पहिले चार महिने थेंब-थेंब चालूच होतं, चिडून काढायला निघाले होते. पाचव्या महिन्यापासून पाळी नावाला उरली. महाग पडते हे खरं, काही हजार जातात. पण ऑपरेशनही फुकट नसतं, आणि नंतर सहा आठवडे हंडा उचलता येत नाही.

काही वेळा काढणंच योग्य असतं, तेही सांगते. कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, अंग पार बाहेर येणं (तिथंही आधी रिंग बसवून बघता येतं), बाळंतपणात न थांबणारं रक्त. अशा रात्री पिशवी काढून वाचलेल्या बाया मी माझ्या हातांनी वॉर्डात नेल्यात.

मला राग येतो तो "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?" या वाक्याचा. 2019 साली राज्य सरकारच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. त्याच सुमाराला तिथं खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली.

ऑपरेशन ठरलंच तर सही करण्याआधी एकच विचारा: अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? पिशवी गेली की पाळी थांबते. पण दोन्ही अंडाशय गेले की त्याच दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते, वय तीस असलं तरी. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयांचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो आणि ते लवकर थकू शकतात.

घरी येताना डिस्चार्ज कार्डावर काय काय काढलं ते लिहून घ्या. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का विचारा, आणि तो रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी स्वतः जाऊन आणा. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली, मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. तिशीतच त्यांना वाफा सुरू झाल्या, पुढं अंगणात घसरल्या तर मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, "अंडाशय आहेत का?" आम्ही पत्र्याची पेटी पालथी घातली. कार्ड सापडलं, त्यावर 'पिशवीचे ऑपरेशन' एवढंच होतं. तो दवाखाना केव्हाच बंद झालेला.